पद्माच्या वडिलांचे अर्धे बोलणे

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेले नाही. उतारवयात लिहायला लागले आहे. ठरवून दुसरेच काही लिहायला बसते आणि कागदावर पद्माचे वडील येऊन उभे राहतात. तेव्हा एकदा तुमच्यापाशी बोलते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचे वर्ष. सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. स्वभाव भित्रा — वर्गात गलका झाला तरी माझाच आवाज बसायचा. आमच्या घरी कुणी मोठ्याने बोलत नसे. चढलेला आवाज म्हणजे भांडण, एवढेच मला ठाऊक. हे सांगून मी सुटका शोधते आहे का? असेनही.

पद्मा आठवीत होती. पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरची; वर्गात फारशी न बोलणारी, बहुधा म्हणूनच मला आवडणारी. बरेच दिवस ती आली नाही. मग एका दुपारी तिचे वडील शाळेच्या व्हरांड्यात आले. सदऱ्यावर, केसांत कापसाचे तंतू. मला पाहताच त्यांनी हात जोडले आणि बोलू लागले — केवढ्याने! वर्गावर्गांच्या खिडक्यांत माना दिसू लागल्या.

"बाई, पद्मा आता शाळेला येत न्हाय. आमच्या आईनं लग्न ठरवलंय तिचं. तर मी काय म्हणतो —"

ते काय म्हणत होते, ते मी ऐकले नाही. पाठ फिरवली आणि मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरले.

इथवर त्याला भित्रेपणा म्हणता येईल. पुढच्याला काय म्हणू? मुख्याध्यापिकांनी विचारले, तो माणूस काय म्हणतो आहे? मला माहीत नव्हते. ऐकायच्या आधीच पळून आले, हे कोणत्या तोंडाने सांगणार? — मी म्हणाले, प्यायलेला आहे. मुलीचे नाव काढा म्हणून शिवीगाळ करतो आहे.

दारूचा वास आला नव्हता. शिवी एकही नव्हती. हात तर जोडलेले होते.

शिपायाने त्यांना दंडाला धरून फाटकाबाहेर काढले. जातानाही ते मोठमोठ्याने काही सांगत होते, आणि त्या आवाजाने माझे खोटे सगळ्यांना खरे वाटले. पद्माचे नाव पटावरून गेले.

पुढच्या हिवाळ्यात मुलींना यंत्रमाग दाखवायला आम्ही एका कारखान्यात नेले. दारातच कान बधिर झाले. आत सगळीच माणसे ओरडत होती — चहा हवा का, हे ओरडून, थट्टाही ओरडूनच. त्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या माणसाला दुसरा आवाज उरणार तरी कुठून? एका मागाशी पद्माचे वडील उभे होते. मला ओळखून लगबगीने पुढे आले.

"घाबरू नका बाई, हितं हळू बोललं तर मागबी ऐकत न्हाय!"

मुली हसल्या. त्यांनी मला बाहेर अंगणात नेले. तिथे शांत होते. त्यांचा आवाज मात्र तेवढाच. पद्माचे लग्न होऊन ती सासरी गेली होती. त्या दुपारी ते मला घरी न्यायला आले होते — त्यांच्या आईची समजूत घालायला.

"आई माझं काय ऐकती व्हय? पण मास्तरीणबाई घरी आल्या असत्या तर मॅट्रिकपर्यंत थांबली असती की. पद्माच म्हणली, आमच्या बाईंना घेऊन या. त्या शिपायाला काय वाटलं, कुणाला ठाऊक!"

मी खाली पाहत राहिले. माझा चेहरा त्यांना दिसला असावा. त्यांनी सदऱ्यावरचे तंतू झटकले. मग म्हणाले, "जाऊ द्या बाई. तुमी त्या दिवशी घाईत होता."

"हो," मी म्हणाले, "फार घाईत होते."