पाळकीणबाईंचा बुधवार

कॅनडातल्या रेजिनात छाया साळवेंना ओळखत नाही असं मराठी ख्रिस्ती माणूस नव्हतं. म्हणजे पस्तीस-चाळीस माणसं. त्यातली निम्मी कॉलेजातली मुलं. डिप्लोमा हातात पडला की ती टोरोंटोकडे पळायची आणि तिथून नाताळला एक मेसेज पाठवायची. सगळ्यांसाठी त्या पाळकीणबाई. छाया म्हणून हाक मारणारा एक नवरा होता, आणि तोही उपदेशाच्या तयारीत असला की ‘अगं’ वर भागवायचा.

२०१५ साली पाळक नंदकुमार साळवे नगरहून तिथे आले, तेव्हा त्या शहरात मराठीतून उपासना कोणी घेतलेली नव्हती. एका जुन्या चर्चचं बेसमेंट रविवारी दुपारी दोन तासांसाठी मिळालं. पाळकांना मंडळी उभी करायची होती. पाळकीणबाईंना खुर्च्या मांडायच्या होत्या, तीस जणांचा चहा नि मसालेभात करायचा होता आणि बर्फ पडला की फावड्याने पायऱ्या मोकळ्या करायच्या होत्या. पायनियर कार्य म्हणतात ते हेच. अहवालात त्यातलं पहिलं वाक्य तेवढं जातं.

सोमवार ते शनिवार मात्र घर खायला उठायचं. पाळक गाडी घेऊन चार-चार तास दूरच्या गावांना एकेका कुटुंबाला भेटायला जायचे. छायाबाई खिडकीशी उभ्या राहायच्या. उणे तीसमध्ये रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. नगरच्या शाळेत बावीस वर्षं पोरांवर ओरडलेला त्यांचा आवाज दिवसचे दिवस वापरात यायचा नाही.

मंडळीतल्या कुणा बाईला फोन लावावा, तर त्यांनी कानाला खडा लावला होता. नगरच्याही आधी सोलापूरला असताना खजिनदारांच्या बायकोशी त्यांचं गूळपीठ जमलं होतं. दोघी बाजाराला एकत्र, दवाखान्यात एकत्र. वर्षभरात मंडळीत तट पडले: पाळकीणबाईंची लाडकी एकीकडे, बाकीच्या दुसरीकडे. अखेर साळव्यांची बदली झाली, आणि त्या मैत्रिणीने निरोपालाही तोंड दाखवलं नाही. सासूबाई स्वतः पाळकीण होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “सगळ्यांच्या घरी जायचं, पण कोणाच्याच घरी रेंगाळायचं नाही. मी तीस वर्षं तेच केलं.” ती तीस वर्षं कशी गेली हे सुनेने विचारलं नाही. आता विचारावंसं वाटायचं, पण सासूबाई राहिल्या नव्हत्या.

आणि मग २०१६च्या हिवाळ्यात एका दुकानात, मासळीच्या फ्रीजरपाशी, मागून आवाज आला.

“ते घेऊ नको गं. लास्ट विंटरचं आहे ते. बघ, डोळा कसा झालाय.”

ती एडना डिमेलो. मूळची वसईची, एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये कामाला. नवरा एरिक ट्रक चालवायचा, तो पंधरा-पंधरा दिवस बाहेर. बुधवारी तिला सुट्टी असे. छायाबाईंनी पाळकीण असल्याचं सांगितलं, तशी ती म्हणाली, “असू दे. मी कॅथलिक. माझी मिस्सा वेगळी, तुमची उपासना वेगळी. मासे खातेस ना?”

छायाबाईंचा जीव भांड्यात पडला. ही बाई मंडळीतली नव्हती! हिच्याकडे जाऊन रेंगाळलं तरी कोणाच्या पोटात दुखणार नव्हतं.

त्या दिवसापासून बुधवार एडनाचा झाला. दोघी मासळी तळायच्या, सिरियल बघून त्यातल्या सासवांना नावं ठेवायच्या. एडना त्यांना खुशाल ‘छाये’ म्हणायची. एकदा पाळकांच्या लांबलचक उपदेशाची नक्कल छायाबाईंनी स्वतः करून दाखवली, आणि हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मंडळीत ही गोष्ट कळली असती तर काय झालं असतं याची कल्पनाच केलेली बरी.

दोन वर्षं अशी गेली. २०१८च्या जानेवारीत हे काम चालवणाऱ्या टोरोंटोच्या समितीचं पत्र आलं. ईस्टरपर्यंत कायमचे राहणारे बारा सभासद नोंदले गेले नाहीत, तर रेजिनाचं काम बंद. विद्यार्थी धरायचे नाहीत. पाळकांनी सगळा सास्कॅचवान प्रांत पालथा घातला. अकरा झाले, बारावा मिळेना.

“बंद झालं तर?” एडनाने विचारलं.

“तर नगरला परत. आमचा व्हिसाच या कामावर आहे.”

तव्यावरचा तुकडा करपला तरी एडनाने उलटला नाही.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी उपासना सुरू झाल्यावर बेसमेंटचं दार उघडलं आणि एडना आत आली. ठेवणीतला कोट, लिपस्टिक. पाळकांचा चेहरा उजळला. आपण बारावी सभासद होतो असं तिने आदल्या दिवशी फोन करून त्यांना कळवलं होतं आणि बायकोला सरप्राइज द्यायचं म्हणून गप्प राहायला सांगितलं होतं. नवा सभासद पुढे येतो, पाळकांच्या आणि पाळकीणबाईंच्या हातात हात देतो, अशी रीत. एडनाने छायाबाईंचा हात घट्ट दाबला आणि कानाशी कुजबुजली, “आता कशी जाशील बघू.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छायाबाईंना ओरडावंसं वाटलं. सोलापूरची गोष्ट त्यांनी एडनाला कधी सांगितलीच नव्हती. सांगायची वेळच आली नव्हती. आता सांगितली तर एडना नाव मागे घेईल, अकरा उरतील, आणि एप्रिलमध्ये सामान बांधावं लागेल. न सांगितली तर एडना रेजिनात राहील, त्याही राहतील, आणि मैत्रीण तेवढी उरणार नाही. बायका आत्ताच बघत होत्या, की या नवीन बाईचा हात पाळकीणबाईंनी इतका वेळ का धरलाय.

त्यांनी हात सोडला.

चहाच्या वेळी एडना जवळ आली. “मग, वेन्सडेला ये. पापलेट मिळालंय मस्त.”

शेजारी दोघी-तिघी उभ्या होत्या. छायाबाई हसल्या, रविवारचं हसल्या. “सगळ्याच येतो की. भगिनी मंडळ सुरू करायचंच होतं, तुमच्याकडेच करू.”

एडना क्षणभर गोंधळली. मग चारचौघींसमोर हे असंच बोलायचं असतं, अशी स्वतःची समजूत घालून तिने डोळा मिचकावला.

बुधवारी एडनाच्या टेबलाभोवती पाच जणी बसल्या. शेजाऱ्यांकडून तिने दोन खुर्च्या मागून आणल्या होत्या, आणि पापलेटाचे तुकडे पाच जणींना पुरावेत म्हणून बारीक केले होते. बाकीच्यांचं ऐकून तीही म्हणाली, “पाळकीणबाई, प्रेअर तुम्हीच करा ना.”

छायाबाईंनी डोळे मिटले. एकेकीचं नाव घेऊन त्यांनी प्रत्येकीसाठी सारखंच मागितलं. एडनाचं नाव त्यांनी चौथं घेतलं.