नणंदेचा पाणचिरा

आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर गावाचं नाव लिहायला बंदी आहे. पक्षी कोणता ते लिहायचं, फोटो असला तर टाकायचा. कुठे दिसला ते ज्याला हवं असेल त्यानं फोन करून विचारायचं. पूर्वी असं नव्हतं. पण एकदा कुणीतरी घुबडाच्या ढोलीचा ठावठिकाणा लिहून टाकला आणि झाडाखाली कॅमेऱ्यांची जत्रा भरली. घुबडांनी ढोली सोडली, पिल्लंही जगली नाहीत. तेव्हापासून हा नियम आहे. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतची माणसं आहेत ग्रुपात, एका ससाण्याच्या नावावरून आठवडाभर भांडतील, पण हा नियम कुणी मोडत नाही.

मी बोर्ली पंचतनच्या बाजारात साड्यांना फॉल-पिको करून देते. त्या सकाळी एका लग्नघरच्या साड्या मशीनवर घेतल्या होत्या आणि फोन किणकिणला. पालीच्या डॉक्टरांनी फोटो टाकला होता. हे दातांचे डॉक्टर, पण दवाखान्यापेक्षा खाडीवर जास्त सापडतात. फोटोत वाळूचं बेट, त्यावर सुरय पक्ष्यांची दाटी, आणि कडेला एकटाच एक वेगळा बसलेला. काळी टोपी, काळी पाठ, पांढरं पोट आणि गाजरासारखी नारिंगी चोच, तीही खालची लांब आणि वरची आखूड. खाली एकच शब्द होता, पाणचिरा. मी साडी तशीच सुईखाली ठेवून घरी पळाले.

पळाले ती माझ्या नणंदेसाठी. ताई आमच्याकडेच राहतात. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. मला पक्ष्यांचा नाद त्यांनीच लावला. लग्न होऊन आले तेव्हा मला कावळा आणि चिमणी सोडून तिसरा पक्षी ओळखता येत नव्हता. लोक म्हणतात, नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य असतं. आमचंही तसंच आहे, पण दुर्बीण गळ्यात असेपर्यंत आम्ही भांडत नाही. आपल्या किनाऱ्यावर येणारं जवळजवळ सगळं ताईंनी पाहिलंय. पाणचिरा तेवढा राहिला होता. तो असतो दूर चंबळच्या बाजूला, आणि थंडीत एखादा वाट वाकडी करून इकडे येतो. दोनदा आला, दोन्ही वेळा ताई पोचायच्या आत निघून गेला.

आणि आता ताईंना काचबिंदू आहे. नजर मधली तेवढी उरलीय, कडेची जवळजवळ गेलीय. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, औषधानं आहे ते टिकवायचं, गेलं ते परत येणार नाही. बसलेला पक्षी दुर्बिणीत आणून दिला तर त्यांना अजून पीसन् पीस दिसतं. उडता पक्षी मात्र हातचा जातो, त्यांनी मान वळवेपर्यंत तो त्या मधल्या नजरेच्या खिडकीतून निसटलेला असतो. हिवाळा लागला तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "यंदा दिसला तर दिसला गं. पुढल्या वर्षी तो आला तरी माझे डोळे असतील की नाही कोण जाणे." मी विषय बदलला होता. दुसरं काय करणार?

पालीच्या डॉक्टरांना फोन करून जागा विचारली. आमच्याच बाजूची खाडी निघाली, मुखाशी जिथे वाळू साचते तिथली. बसलेला पक्षी आहे म्हटल्यावर मला हर्षच झाला. ताईंना सांगितलं आणि तिथेच आमचा शहाणपणा आम्हाला नडला. आम्ही चिखलपाखरांची माणसं. ओहोटीला ही पाखरं लांब चिखलात पांगतात आणि पाणी चढायला लागलं की किनाऱ्याकडे सरकतात, म्हणून आम्ही जातो ते नेहमी चढत्या भरतीला. इतकी वर्षं गेलो की त्यात विचार करण्यासारखं काही असतं हेच विसरलो. तेव्हाही मी म्हटलं, जरा भरती लागू दे, पक्षी जवळ येईल. ताईंनीही मान डोलावली. चहा करून प्यायलो. ताईंना स्कूटीवर मागे बसवून आरामात निघालो.

खाडीवर पोचलो तर एक कोळीण वेचलेल्या शिवल्या-शिंपल्यांची टोपली घेऊन वर येत होती. तिनं आमच्या गळ्यातल्या दुर्बिणींकडे पाहिलं.

"आता कशाला आलांव गो? पानी चरलंय. बेट बुडाला की सगली पाखरां जातील."

बेट! पाणचिरा चिखलात नव्हता, बेटावर होता. आणि भरतीला बेट जवळ येत नाही, बुडतं. समोर वाळूची जेमतेम एक पट्टी उरली होती. मी तिपाईवरची मोठी दुर्बीण उभी करते न करते तोच पाणी पट्टीवरून गेलं आणि सगळे सुरय कलकलाट करत उठले. पांढऱ्या पंखांच्या त्या गोंधळात काळं काही चमकलं असेल तर असेल. थवा समुद्राकडे गेला. मला स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. ताई एका पालथ्या होडीवर बसल्या आणि चष्मा पुसू लागल्या. एरवी त्या मला सोडत नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तो दिसला. समुद्राकडे गेलाच नव्हता. तिवरांच्या झाडीच्या आडोशाला पाणी अगदी निवांत होतं, तिथून तो एकटा आला, इतका खाली की पोट पाण्याला लागेल असं वाटलं. चोच उघडी, वरची हवेत आणि खालची पाण्यात. कात्री न मिटता नुसती सरकवत कापड फाडत न्यावं तसा तो पाणी चिरत सरळ गेला. आवाज नाही, पंखांची घाई नाही. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. बघता बघता मी ओरडतही होते, "ताई, डावीकडे! तिवरांसमोर! आता पुढे गेला, अजून पुढे!"

ताई दुर्बीण फिरवत राहिल्या. त्यांची दुर्बीण प्रत्येक वेळी त्याच्या मागे राहिली. पक्षी वळणाआड गेला.

"गेला का?" त्यांनी विचारलं.

"गेला," मी म्हटलं.

ताईंनी दुर्बीण मांडीवर ठेवली. मग नुसत्या डोळ्यांनी पाण्याकडे बघत म्हणाल्या, "ही रेघ त्याचीच ना?"

होती खरी. तिवरांच्या सावलीत, गुळगुळीत पाण्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक सुरकुती उमटली होती आणि अजून मिटली नव्हती.

"मग आता बोलू नकोस," ताई म्हणाल्या. "रेघेवर बारकी मासळी गोळा होते. तो आपल्याच रेघेवरून परत येतो. वाचलंय मी."

पुस्तकात लिहिलेलं खाडीत घडतंच असं नाही, हे मला माहीत होतं. पण मी गप्प बसले. ताईंनी रेघेचा एक तुकडा धरला आणि डोळे तिथेच रोवले. पक्षी शोधायचा नाही, मान फिरवायची नाही. रेघ पुसट होत चालली. मी मनातल्या मनात पालीच्या बल्लाळेश्वराला हात जोडले, एरवी मी काही फार देवभोळी नाही.

वळणाआडून तो आला. त्याच रेघेवरून, तसाच पाणी चिरत, सरळ ताईंच्या समोर. त्यांना कुठे वळावं लागलं नाही. त्यांच्या त्या अरुंद खिडकीत तो आपण होऊन शिरला आणि पंखांच्या दोन संथ फटक्यांत पार झाला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, ताईही रडत असतील.

ताई रडत नव्हत्या. तो गेला त्या दिशेला त्या बघतही नव्हत्या, अजून समोरच बघत होत्या.

"चोच वर उचलली ना त्यानं," त्या हळूच म्हणाल्या, "तेव्हा टोकाला एक थेंब होता."

मला थेंब दिसला नव्हता.