तलावांचा दौरा आणि बेशाच्या महालक्ष्म्या

प्राध्यापक उत्तरा देवतळे यांनी श्रीलंकेच्या अभ्यासदौऱ्याचा तो आराखडा तीन वर्षांपूर्वी तयार केला होता. विदर्भातील मालगुजारी तलावांवर, म्हणजे जुन्या जमीनदारांनी शेतीसाठी बांधलेल्या तलावांवर, त्यांचा प्रबंध. आणि या तलावांचे दूरचे भाऊबंद म्हणावेत असे प्राचीन तलाव श्रीलंकेत आजही भातशेती भिजवतात. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी दोन आठवडे तिथे राहावे, सकाळी बांधावर मोजमाप करावे, दुपारी तिथल्या विद्यापीठात तासांना बसावे आणि परतल्यावर भंडाऱ्याच्या एखाद्या तलावाशी तुलना करून निबंध लिहावा, अशी ती योजना होती. कागदावर तिच्यात कुठेही फट नव्हती. तरीही मुलींच्या घरून एकेक नकार येत गेला आणि दौरा बारगळला.

यंदा प्राचार्यांनी तोच आराखडा हिमानी गिऱ्हेपुंजे या तरुण सहकारी प्राध्यापिकेकडे सोपवला. उत्तराबाईंनी तो हसत दिला. त्या हसण्याने दिवसभर त्यांचे गाल दुखत राहिले. हिमानीने माहितीपत्रकावर 'मूळ कल्पना' म्हणून त्यांचे नाव छापले, तेही त्यांना खुपले. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहावी तसे ते वाटले. आता विद्यार्थी स्टाफरूममध्ये येत आणि त्यांच्या टेबलाला वळसा घालून हिमानीपाशी जात. खिडकीबाहेर पाहताना उत्तराबाई त्यांच्या हसण्याबोलण्यातला शब्दन् शब्द ऐकत.

मग दौऱ्याच्या तारखा लागल्या. तिकडचे प्राध्यापक सप्टेंबरमधल्या त्याच दोन आठवड्यांत मोकळे होते, आणि त्यांच्या ऐन मध्यावर महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसत होत्या. नागपूरकडच्या घरात महालक्ष्म्यांच्या जेवणाला लेक घरी नसणे म्हणजे काय, हे उत्तराबाईंना सांगावे लागत नव्हते. हिमानीने तारखा दाखवून त्यांचे मत विचारले, तेव्हा त्यांनी कागद परत दिला आणि छपाई सुबक झाल्याचे सांगितले. त्या संध्याकाळी फार दिवसांनी त्यांना पोटभर जेवण गेले.

पालकसभेत त्या मागच्या रांगेत बसल्या. निवासाची, औषधपाण्याची चौकशी झाली, आणि मग त्या ज्याची वाट पाहत होत्या तो माणूस उठला. नागपूरलगतच्या बेशात हार्डवेअरचे दुकान असलेले मारोतराव, दौऱ्यासाठी नाव दिलेल्या सोनिकाचे वडील.

"मॅडम, या तारखाईत आमच्या घरी महालक्ष्म्या आहेत. पोरगी तिकडे कशी राहीन?"

सभागृहात कुजबुज पसरली. उत्तराबाईंनी पदर सारखा केला. हिमानी उत्तर देणार, तोच मारोतरावांच्या शेजारून त्यांची पत्नी रुख्मिणी बसल्याजागी बोलली.

"महालक्ष्म्या दरसाल येतेत. पोरीले हे दरसाल भेटून नाही राहिलं. हिमानी मॅडम घरी आल्या होत्या, तवाच सासूबाईले विचारलं मी. त्या हो म्हणाल्या."

"मंग मले काहून नाही सांगतलं वं?"

"तुम्ही दुकानात होते जी. अन् सांगतलं असतं तर आजवर हेच बोलून राहिले असते."

हशा पिकला. मारोतरावही हसत खाली बसले. हळूहळू उलगडले ते असे: तारखा छापण्यापूर्वीच हिमानी बेशापासून कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीपर्यंत प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन आली होती, स्वयंपाकघरात पाटावर बसली होती आणि आया-आज्यांचा होकार घेऊन उठली होती. उत्तराबाईंनी पालकांना पत्रे धाडली होती, उत्तम मराठीत. एकाही उंबऱ्याच्या आत त्या गेल्या नव्हत्या.

सभा संपल्यावर हिमानी त्यांच्याकडे आली. दौऱ्यावर दुसरी एक प्राध्यापिका आवश्यक होती. "मॅडम, तुम्ही चला. तलाव तुमचेच आहेत."

तिच्या चेहऱ्यावर उपकाराचा लवलेश नव्हता. असता तर नाकारणे सोपे गेले असते. ते तलाव उत्तराबाईंनी केवळ नकाशात पाहिले होते. पण बांधावर हिमानी पुढे, तिच्याभोवती मुली आणि आपण मागे, हे चित्र डोळ्यांपुढे येताच तोंडून निघून गेले, "मला कसं जमेल? आमच्याकडेही महालक्ष्म्या असतात ना."

असत, पण थोरल्या जाऊबाईंकडे, अमरावतीला. उत्तराबाई कित्येक वर्षांत तिकडे फिरकल्या नव्हत्या.

रुख्मिणीने जाता जाता ते ऐकले. ती थांबली. घरचे आटोपून दुपारी बेशाला जेवायला या, असे तिने मनापासून आग्रहाने सांगितले. "सोनिकाचं पान रिकामं राहीन ना, मॅडम. तिच्या जागी तुम्ही बसा."

हिमानी दुसरे नाव शोधायला प्राचार्यांकडे निघून गेली होती. उत्तराबाईंनी येते म्हणून मान डोलावली.