लंकाबाईंची निवडलेली मेथी

मखमलाबादच्या लंकाबाई गंगापूर रोडच्या कडेला भाजी विकतात आणि कुणी न विचारता औषध सांगतात. खोकला म्हटलं की अडुळसा, पोट म्हटलं की ओवा. माझं डोकं महिनाभर ठणकत होतं, म्हणून मी गवती चहा मागितला.

"आधी फोन टोपलीत टाका, ताई," त्या म्हणाल्या. मग मला गोणपाटावर बसवलं आणि मांडीवर मेथीची जुडी टाकली. "एकेक पान खुडायचं. ओरबाडलं तर गुण येत नाय."

मला राग आला. ऑफिसची कामं टाकून मी रस्त्यावर मेथी निवडायची? पण लंकाबाईंपुढे कुणाचं चालत नाही. दोन जुड्या निवडल्याशिवाय त्या गवती चहाला हात लावू देईनात. मग रोज संध्याकाळी हेच. शेजारी एक निवृत्त फौजदारही निवडत बसायचे. त्यांना म्हणे झोपच लागत नव्हती.

आठव्या दिवशी डोकं ठणकायचं थांबलं. त्याच दिवशी मला टोपलीमागची पाटी दिसली : 'निवडलेली मेथी मिळेल.'

"मावशी, अहो, ही तर आमची मेथी!" मी भडकले.

"डोकं दुखतंय का आता?"

"नाही."

"मग आवाज कशाला चढवता? फौजदारसाहेबांची झोप मोडंल."

मी वळून पाहिलं. फौजदार बसल्या जागी घोरत होते. मी त्यांच्या हातातली अर्धी जुडी हळूच काढून घेतली आणि निवडायला बसले.