गप्प झालेलं पाळणाघर

पाळणाघर चालवणारीला सगळेच मावशी म्हणायचे. मुलंही, मुलांच्या आयाही, आणि दूध घालणारा, तिच्याहून वयाने मोठा माणूसही. दोन खोल्या, पुढे जाळीचं दार, आणि दिवसभर असा गलका की शेजारीण विचारायची, "मावशी, मुलं सांभाळता की वानरसेना?" त्यात एक तीन वर्षांची पोरगी रडायला लागली की गल्लीतलं झोपलेलं कुत्रं उठून बसायचं. तिचं नावच पडलं होतं भोंगा.

गुडघे बोलायला लागले तेव्हा मावशीने मदतीला बाई शोधायला घेतली. एक शिकलेली बाई येऊन गेली. "मूल झोपलं नाही तर तुम्ही काय करता?" असं तिनेच मावशीला विचारलं. मावशीला ते झोंबलं. ही काम मागायला आली की माझी परीक्षा घ्यायला? तेवढ्यात धाकट्या बहिणीने गळ घातली, "ताई, नवऱ्याने टाकल्यापासून माझी लेक खोलीबाहेर पडत नाही गं. तुझ्या हाताखाली घे ना तिला." घरच्या मुलीला काय पारखायचं? सोमवारी भाची कामावर हजर.

आणि पोरीच्या हाताला गुण होता म्हणायचा! जेवणं आटोपली की ती मुलांना आतल्या खोलीत नेई, दार लोटून घेई, आणि मावशीची भांडी विसळून होईस्तोवर सगळं चिडीचूप. भोंगासुद्धा.

"काय जादू करतेस गं?" मावशी विचारायची. भाची नुसती हसायची. मावशी येईल त्याला तिचं कौतुक ऐकवायची आणि दुपारी बाहेरच्या खोलीत पाय पसरून पडायची. कित्येक वर्षांत अशी पडली नव्हती. संध्याकाळी मुलं आयांच्या पायांना मिठ्या मारायची, सोडायचीच नाहीत. "हल्ली माझा फारच लळा लागलाय हिला," भोंग्याची आई सुखावून म्हणाली होती. मावशीही हसली होती.

एके दिवशी भोंगा उंबरठ्याला अडखळून आपटली. गुडघा फुटला. कानठळ्या बसणार हे धरूनच मावशी धावली. आवाजच नाही. पोरीने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबलेले, डोळ्यांतून धारा. शेजारी बसलेली चिमुरडी तिच्या कानाशी लागून म्हणाली, "रडू नको हं. मग आई येणार नाही."

मावशीने गुडघा धुतला, हळद लावली.

मुलं घरी गेल्यावर तिने भाचीला समोर बसवलं. "काय सांगतेस गं मुलांना?"

"कुठं काय? आवाज केला तर आई न्यायला येणार नाही, एवढंच. बोटसुद्धा लावलं नाही मी कुणाला."

"एवढंच?"

"बाहेर जाताना आई मला हेच सांगायची, मावशी. आणि तूच म्हणायचीस, किती शहाणी पोर, आहे की नाही कळतसुद्धा नाही."

खरंच म्हणायची ती. बहिणीच्या दाराशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली ती लहान पोर मावशीच्या डोळ्यांपुढे आली.

"उद्यापासून येऊ नकोस, बाळा."

"चुकलं असेल तर शिकव ना मला."

"तुला बघून मुलं तोंड दाबतात गं. त्यांच्या जिवावर कसं शिकवू तुला?"

भाची रडली नाही की भांडली नाही, तिने गुपचूप चपला घातल्या. तेच मावशीला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी जाळीच्या दाराशी उभं राहून तिने एकेका आईला सगळं सांगितलं. कुणी ताडताड बोललं, कुणी समजून घेतलं. भोंग्याच्या आईने लेकीला कडेवर घेतलं आणि एवढंच विचारलं, "मावशी, तुम्ही बाहेरच्याच खोलीत होता ना?"

ती आई परत आली नाही. बहिणीने फोन उचलणं सोडलं. भाची पुन्हा खोलीत जाऊन बसली, असं कानावर आलं. त्या शिकलेल्या बाईला निरोप धाडला, तर तिला दुसरीकडे काम लागलेलं.

आता दुपारी मावशी आतल्या खोलीत जमिनीवर बसते, गुडघे ठणकत असले तरी. गलका पुन्हा सुरू झालाय. "वानरसेना परतली वाटतं," शेजारीण म्हणते, आणि मावशी मान डोलावते.

परवा ती केर टाकायला बाहेर आली, तर समोरून भोंग्याची आई येत होती. आईच्या खांद्यावरची पोर मोठमोठ्याने काहीतरी गात होती, सगळी गल्ली दणाणून सोडत. मावशीचा जीव हरखला.

जाळीचं दार दिसलं, आणि गाणं थांबवून पोरीने तोंडावर हात ठेवला.