भुपालअण्णांची सही

डोळा लागता लागता हिंदुरावाला कारखान्याचा भोंगा ऐकू येतो. अजून दुपारचे तीनच वाजलेत आणि भोंगा चारला होतो, एवढं त्याला कळतंय. तरी पाय आपोआप बाजेखाली चपला शोधायला लागतात. तेवीस हंगाम ते याच भोंग्यावर उठले, चालले. आता जायचं नाही, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

उशाला एक कागद आहे. कंपनीनंच टाइप करून दिलेला. ‘माझ्या हलगर्जीपणामुळे पॅन बिघडला, मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ खाली सहीपुरती जागा. उद्या दहाला सही करून आणा, नाहीतर बडतर्फीचं पत्र घ्या, असं नव्या मॅनेजरनं त्याला उभ्या उभ्याच सांगितलं. समोर खुर्ची होती, पण ‘बसा’ म्हणाला नाही.

हिंदुराव पॅनमन. उसाच्या रसाचा पाक झाला की तो घराएवढ्या एका बंद भांड्यात शिजतो आणि तिथं साखरेचा दाणा धरतो. त्या भांड्याला पॅन म्हणतात. दाणा कधी धरायचा, किती वाढू द्यायचा, हे पॅनमनच्या डोळ्याला आणि बोटांना कळतं. भांड्यातली हवा ओढणारा पंप महिनाभर कण्हत होता. हिंदुरावानं तीनदा जाऊन सांगितलं. पण कारखाना भाड्यानं घेतलेल्या कंपनीला हंगामात एक पाळीसुद्धा बंद नको होती. गेल्या सोमवारी पंप बसला, अख्खा पॅन करपला, आणि दोष मात्र माणसावर आला.

आत मालन भांडी मांडतेय. तो आवाज लांब जातो, आणखी लांब जातो, आणि ताटल्यांच्या जागी लोखंडी जिना वाजायला लागतो.

“काय रं, ड्युटीवर निजतोस व्हय?”

जिन्याच्या वरच्या पायरीवर भुपालअण्णा चौगुले उभे आहेत. अण्णांनीच त्याला हे काम शिकवलं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, हे हिंदुरावाला पक्कं ठाऊक आहे. त्यांच्या मातीला तो स्वतः गेला होता. पण अण्णा पांढरी टोपी सारखी करत उभे आहेत, आणि गेलेल्या माणसाला ‘तुम्ही गेलाय’ असं तोंडावर कसं म्हणायचं? तो नुसता उठतो आणि वर चढतो.

वर त्यांचा पॅन आहे, आणि त्याच्या घराचा सोपाही आहे. दाब दाखवणाऱ्या घड्याळांच्या काट्यांवरनं मालनची दोरी गेलीय, तिच्यावर लेकीचा शाळेचा गणवेश वाळतोय. गरम पाकाचा वास भरून राहिलाय. हिंदुराव छातीभर वास घेतो. पहिल्या वर्षी हा वास अंगाला चिकटायचा तर आई म्हणायची, लांब बस, मुंग्या येतील.

“बघ,” अण्णा म्हणतात.

ते पॅनमधनं थेंबभर माल काढून काचेवर पसरतात आणि काच उजेडाला धरतात. दाणे दिसतात, सगळे एका मापाचे, कडा धरलेले. अण्णांनी त्याला पहिला अख्खा हंगाम वाफेच्या चावीला हात लावू दिला नव्हता. नुसती काच हातात द्यायची आणि विचारायचं, काय दिसतंय? तो म्हणायचा, साखर. अण्णा म्हणायचे, जा, उद्या ये. चार महिन्यांनी एका सकाळी तो म्हणाला, अण्णा, ह्यातले थोडे दाणे उपाशी आहेत. त्या दिवशी अण्णांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली होती.

“काय दिसतंय?”

“चांगला हाय, अण्णा. आणि जरा चढू द्या.”

“शिकलास की लेका.”

गेल्या आठ दिवसांत त्याच्या कामाबद्दल कुणी बरा शब्द काढलेला नाही.

“त्या वक्ताची माणसंच निराळी होती, अण्णा,” तो म्हणतो. “जुने चेअरमन पॅनवर यायचे तर चपला खाली काढून यायचे. आठवतंय?”

“आठवतंय की. त्याच चेअरमननं माझी सही घेतली.”

हिंदुराव खाली स्वतःच्या पायांकडे बघतो.

“चपला काढाय काय लागतंय?” अण्णा हसून म्हणतात. त्या हसण्यात राग नाही. “वाकलं की निघत्यात.”

आता ते दोघं एस.टी.च्या थांब्यावर बसलेत. समोर कारखान्याची चिमणी आहे आणि अण्णा तिच्याकडे पाठ करून बसलेत. नोकरी गेल्यावर ते असेच बसायचे. तालुक्याला जाताना कारखान्याकडच्या खिडकीत बसायचे नाहीत, आणि भोंगा झाला की बोलता बोलता थांबायचे, मग तो संपल्यावर पुढचं वाक्य धरायचे. गुडघे दुखतात म्हणून सोडली नोकरी, असं सगळ्यांना सांगायचे. गावानं ते मानलं. हिंदुरावानं मात्र मानलं नव्हतं, कारण त्याला खरं माहीत होतं.

थांब्याच्या बाकावर जुन्या मॅनेजरचं टेबल येऊन बसलंय. त्यावर काचेखाली देवाचा फोटो आहे. हिंदुराव तिशीचा होऊन त्या टेबलापुढं उभा आहे आणि कुणीतरी विचारतंय, पॅन नासला, रात्रपाळीला वाफेची चावी कुणी उघडी टाकली?

त्यानं बघितलं होतं. चीफ इंजिनियरचा मेहुणा चावी तशीच टाकून निघून गेला होता. अण्णा त्या वेळी दुसऱ्या पॅनवर होते.

“मी बघितलं न्हाई, साहेब,” तिशीचा हिंदुराव म्हणतो.

सोळा वर्षांपूर्वीही तो एवढंच बोलला होता. दुसऱ्या दिवशी अण्णांनी राजीनाम्यावर सही केली, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या जागेवर हिंदुरावाला उभं केलं. अण्णा नऊ वर्षांपूर्वी वारले, तोवर मधली सात वर्षं दोघं कितीदा तरी भेटले. पिकापाण्याचं बोलले, पोरांच्या लग्नाचं बोलले. ह्याबद्दल कधी नाही.

“अण्णा,” तो म्हणतो. टेबल गेलंय, फक्त बाक उरलाय. “मी बघितलं होतं.”

“मला ठावं हाय.”

“कधीपासनं?”

“तू माझ्याकडं बघायचं बंद केलंस, तवापासनं.”

हिंदुरावाला रडू येतं. स्वप्नातलं रडणं ते, त्याला आवाज नाही. अण्णा त्याच्या पाठीवर हात ठेवतात. तो हात गरम आहे, पॅनच्या काचेसारखा.

“घरात तीन महिन्यांची पोर हुती तुझ्या,” ते म्हणतात. “मालन बाळंतपणातनं उठली नव्हती. तुझ्या जागी मी असतो तर मीबी बोललो नसतो. त्याचा राग मी कधी धरला न्हाई, हिंदुराव.”

“मग सही का केली तुम्ही? भांडायचं की.”

रस्त्यानं उसाची गाडी जाते. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येतो, पण बैल दिसत नाहीत.

“मला वाटलं, कशाला तमाशा. सही केली की मिटलं,” ते सावकाश सांगतात. “न्हाई मिटलं. नोकरी गेली त्याचं एवढं न्हाई. पण हयातभर एक पॅन नासू दिला न्हाई मी, आणि कागदावर माझ्याच हातानं लिहून दिलं की मी नासवला. त्या कारखान्यात माझं काम म्हणून तेवढंच शिल्लक राहिलं बघ. ते खोटं.”

“मी काय करू, अण्णा?”

“मला काय इचारतोस? काच तुझ्या हातात हाय. काय दिसतंय ते सांग.”

हिंदुराव हाताकडे बघतो. खरंच काच आहे. त्याला बोलायचंय, पण भोंगा व्हायला लागतो, खराखुरा, आणि अण्णा नेहमीसारखे बोलता बोलता थांबतात. या वेळी मात्र ते मान वळवून चिमणीकडे बघतात. पुरतं, डोळे भरून बघतात.

“चला,” भोंगा संपल्यावर ते म्हणतात. “निघतो. का चहा पाजतोस?”

“पाजतो की! बसा. असं कसं जाता?” हिंदुराव घाईनं उठतो आणि आत वळून हाक मारतो, “मालन, दोन कप टाक गं! अण्णा आल्यात!”

आणि त्याला जाग येते.

सोपा. बाज. चारचा भोंगा नुकताच विरतोय. उन्हाची तिरीप भिंतीवरनं खाली उतरलीय. उशी एका बाजूनं ओली आहे. तो उठून बसतो, तोंडावरनं हात फिरवतो, आणि त्याची नजर बाजेशेजारच्या स्टुलावर जाते. तिथं चहाचे दोन कप आहेत. दोन्हीतनं वाफ निघतेय.

मालन उंबऱ्यात उभी आहे. पाहुण्यापुढं यायचं म्हणून तिनं पदर सारखा केलाय.

“दोन कप टाक म्हणालासा न्हवं?” ती सोपाभर नजर फिरवते. “कोण आलंय? कुठले अण्णा?”

“भुपालअण्णा.”

सासर-माहेरची कितीतरी गेलेली माणसं मालनच्याही दुपारच्या झोपेत येऊन जातात.

हिंदुराव उशाचा कागद उचलतो. सहीची जागा बघतो. मग कागद पालथा करून मांडीवर घेतो आणि लेकीच्या दप्तरातला पेन मागतो.

“सही करताय?” मालनचा आवाज बारीक होतो.

“न्हाई. पंपाचं लिहून देतो. कधी सांगितलं, कुणाला सांगितलं, सगळं. ठेवायचं तर ठेवू देत, काढायचं तर काढू देत.” तो थोडा थांबतो. “पण त्याच्या आधी अण्णांचं लिहितो. सोळा वर्षं झाली. ती चावी कुणी उघडी टाकली, मी बघितलं होतं.”

तो लिहायला लागतो. अक्षर मोठं, एकेक करून काढलेलं. मालन पुढं येऊन बाजेच्या कडेला बसते आणि दुसरा कप स्वतः उचलते.

“लिव्हा,” ती म्हणते. “आणि झालं की मला वाचून दावा.”