एका भट्टीचे दोन मॉड

कर्वेनगरच्या शर्मिला वानखडे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेम खेळतात, हे सोसायटीत कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे पत्त्यांचा?" नाही. तलवारी, राक्षस आणि जादू असलेला, कॉम्प्युटरवरचा भलामोठा गेम. मुलगी सृष्टी शिकायला बंगळूरला गेली, गेम मागे राहिला, आणि खराडीच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या शर्मिलाताई घरी येऊन तो खेळू लागल्या.

राक्षसांशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. जीव रमला तो वस्तू घडवण्यात. या गेममध्ये खेळणारेच आपापली भर घालतात, तिला मॉड म्हणतात. एका मॉडमुळे भट्टीवर नव्या तलवारी घडत, दुसऱ्यामुळे कातड्याची चिलखतं. दोन्ही एकदम घातले की मात्र दोघे एकाच भट्टीवर हक्क सांगत, आणि नंतर आलेला आधीच्याचं सगळं पुसून टाकी. वर्षभर लोक नुसते कुरकुरत होते. शर्मिलाताईंनी दोन महिने खपून दोघांना एकत्र नांदवणारा पॅच, म्हणजे छोटासा जोड-प्रोग्रॅम, लिहिला आणि मॉडच्या साईटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवला.

तिथेच माशी शिंकली. तलवारींचा मॉड कोथरूडच्या अभिनवचा. वय पंचवीस, आणि पुण्यातल्या खेळाडूंच्या ग्रुपवर त्याचाच शब्द चालायचा. या लोकांची एक रीत आहे: पॅचमध्ये फक्त आपण लिहिलेला जोड असावा, दुसऱ्याची मूळ फाईल उचलून घालू नये. आणि शर्मिलाताईंच्या पॅचमध्ये अभिनवची एक फाईल सापडली. चाचणीसाठी घेतलेली, काढायची राहून गेलेली. जगाच्या चुका पकडणाऱ्या बाईला स्वतःची दिसली नाही. अभिनवने साईटकडे तक्रार केली, पॅचचं तिथलं पान बंद झालं, आणि ग्रुपवर कुणीतरी 'चोरी' असा शब्द लिहिला. तो वाचून शर्मिलाताईंची कानशिलं तापली.

मग अभिनवने मोठ्या मनाने मार्ग सुचवला. पॅच मला द्या, मी तो माझ्या मॉडमध्ये घालतो, खाली तुमचे आभार मानतो. म्हणजे दोन महिन्यांचं काम त्याच्या नावावर आणि ताईंच्या वाट्याला आभाराची एक ओळ. नवरा आनंद म्हणाला, देऊन टाक, कशाला डोक्याला ताप.

शर्मिलाताईंनी ग्रुपवर चूक स्वच्छ शब्दांत कबूल केली, माफी मागितली. ती फाईल काढली आणि तिच्यावर टेकलेला सगळा भाग पहिल्यापासून स्वतः लिहून काढला. चार दिवसांनी तपासणी होऊन पान पुन्हा उघडलं, त्यांच्याच नावाने.

अभिनवला ते झोंबलं. त्याने ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "काकू, माझा मॉड मी दर रविवारी बदलणार. दर रविवारी तुमचा पॅच मोडणार. झेपेल का या वयात?"

शर्मिलाताईंनी ते दोनदा वाचलं. राग तर आलाच, पण खरं सांगायचं तर मजाही वाटली. त्यांनी लिहिलं, "चूक माझी होती, ती मी सुधारली. पॅचही माझाच आहे, तो मी देणार नाही. आपण रविवारी मोडा, मी सोमवारी जुळवीन."

रविवारी त्याने खरंच मोडला. शर्मिलाताईंनी सोमवारची रजा टाकली.